लाळ कमी करणारी औषधं: नळ किती बंद करायचा?

2025 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, कानामागे चिकटवायच्या एका छोट्या पॅचबद्दल इशारा दिला. या पॅचमध्ये स्कोपोलामाइन नावाचं औषध असतं आणि मोठ्या माणसांची प्रवासातली मळमळ थांबवायला तो वापरतात. पॅच लावलेल्या काहीजणांच्या अंगातली उष्णता धोकादायक वाढली, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, काही दगावले. त्यात लहान मुलं आणि साठीच्या पुढची माणसं जास्त होती.

मळमळीचा पॅच लहान मुलांना कशाला लावला असेल? याचं उत्तर लाळेत आहे. सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारात (यात लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा जातो) मुलांच्या तोंडातून सतत लाळ गळते, आणि ती कमी व्हावी म्हणून काही डॉक्टर हा पॅच देतात. औषधाला मान्यता एका कामासाठी आणि वापर दुसऱ्यासाठी, असं वैद्यकात पुष्कळदा होतं. त्यात बेकायदा काही नाही. पण लाळ कमी करणाऱ्या औषधाने अंगातली उष्णता वाढावी, हे कोडं बहुतेकांना सुटत नाही. ते सुटलं की या औषधांबद्दलच्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. म्हणून तिथपर्यंत जरा सावकाश जाऊ.

नळ वाहतोय की मोरी तुंबलीय?

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. एवढी लाळ होते हे आपल्या गावीही नसतं, कारण जागेपणी साधारण मिनिटाला एकदा आपण नकळत आवंढा गिळतो. नळ चालू असतो, मोरी मोकळी असते, पाणी कुठेच साठत नाही.

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स होता. सकाळी त्यांच्या उशीचा अभ्रा काढताना गालाखालचा भाग हाताला गार लागायचा. पेपर वाचताना मान खाली गेली, की खालच्या ओठाच्या कडेला थेंब जमायचा, त्याची तार लांबत जायची आणि पेपरवर डाग पडायचा. ते घाईने बाहीने तोंड पुसायचे आणि पेपर मिटून ठेवायचे. पुढे त्यांनी वाचणंच सोडलं. नजर उतरली असेल असं आम्हाला वाटत होतं. ती शरम होती हे फार उशिरा कळलं.

त्यांच्या तोंडात लाळ जास्त तयार होते, अशी आमची समजूत होती. पार्किन्सन्समध्ये बहुधा तसं नसतं. लाळ नेहमीइतकीच असते, कधी कधी कमीही, पण आपोआप आवंढा गिळण्याची क्रिया मंदावते, ओठ नीट मिटत नाहीत, मान पुढे झुकते. सेरेब्रल पाल्सीतही गोष्ट बहुतेक अशीच असते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी झिजत जाणाऱ्या आजारात, घशाचे स्नायूच दुबळे होतात. म्हणजे नळ तेवढाच वाहतो आणि मोरी तुंबलेली असते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. आपण ज्या औषधांबद्दल बोलणार आहोत, ती नळ बारीक करतात. मोरी साफ करत नाहीत. म्हणून औषधाआधी मोरीकडे बघायला हवं: बसण्याची पद्धत, मानेला आधार, नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं राहतंय का, दात किडलेत का, पोटातलं आम्ल वर येतंय का, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवलंय का. आणि एक प्रश्न जो विचारायचा राहून जातो: चालू असलेल्या एखाद्या गोळीनेच लाळ वाढलीय का? मानसिक आजारात दिल्या जाणाऱ्या क्लोझापीनने, विशेषतः रात्री, भरपूर लाळ सुटते. स्मृतिभ्रंशासाठीच्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनीही सुटू शकते.

लाळ सोडण्याचा निरोप

लाळेच्या ग्रंथींना मेंदूकडून निरोप येतो तो एका रसायनाच्या रूपात. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकातून हे रसायन बाहेर पडतं, ग्रंथीच्या पेशीवर त्याच्यासाठी राखलेली एक जागा असते तिथे जाऊन बसतं, आणि पेशी लाळ सोडते. या राखीव जागेला रिसेप्टर म्हणतात.

मज्जातंतू निरोप देतात तो रसायनातून, हे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने 1921 मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. पहिल्या हृदयाची नस चेतवून त्याने त्याचे ठोके मंद केले, मग त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्याच्या नसेला हात न लावताही ते मंद झालं. द्रवात काहीतरी उतरलं होतं, आणि ते काहीतरी म्हणजेच ॲसिटिलकोलीन. 1936 मध्ये लोवी आणि हेन्री डेल यांना या कामासाठी नोबेल मिळालं.

आता औषध काय करतं? बाकावर कुणी रुमाल टाकून जागा अडवावी, तसं ते रिसेप्टरवर जाऊन बसतं. स्वतः काही करत नाही, पण ॲसिटिलकोलीनला बसू देत नाही. निरोप पोचत नाही, लाळ कमी होते. अशा औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. ॲट्रोपीन, स्कोपोलामाइन (याचंच दुसरं नाव हायोसीन), ग्लायकोपायरोलेट, ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यातली नावं.

यातल्या पहिल्या दोन औषधांचं मूळ वनस्पतींत आहे. ज्या धोतऱ्याला आपण लहानपणापासून विषारी म्हणून ओळखतो, त्यात हीच द्रव्यं असतात. धोतरा पोटात गेलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापतं, तो असंबद्ध बडबडू लागतो. ही लक्षणं मनात ठेवा. औषधाचा डोस जास्त झाला की दिसतं ते नेमकं हेच, आधी थोडं, मग जास्त.

एकच रसायन, निरोप मात्र अनेक

अडचण अशी की ॲसिटिलकोलीन फक्त लाळेचं काम बघत नाही. घराची पाण्याची मुख्य चावी फिरवावी आणि फक्त स्वयंपाकघराचा नळ बारीक होईल अशी अपेक्षा धरावी, तसं हे आहे. पाणी सगळीकडचंच कमी होतं.

आतड्याची हालचाल याच रसायनावर चालते, ती मंदावते आणि पोट साफ होत नाही. मूत्राशय आकुंचन पावायला हेच लागतं, ते ढिलं पडतं आणि लघवी अडते. हृदयाचे ठोके आवरून धरणारा निरोप हाच असतो, तो अडला की धडधड वाढते. डोळ्याची बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं. मेंदूत स्मरण आणि लक्ष यांची कामं यावर अवलंबून आहेत, तिथे गोंधळ उडतो. आणि घामाच्या ग्रंथींनाही निरोप देतं ते हेच.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. घाम येणं म्हणजे शरीराने स्वतःला गार करणं. घामाचा नळही बंद झाला, आणि त्यात हवा गरम असली किंवा अंगावर पांघरुणांचा ढीग असला, तर उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना मुळातच शरीराचं तापमान सांभाळणं जड जातं. ज्या मुलाला बोलता येत नाही, ते ‘मला उकडतंय’ असं सांगूही शकत नाही.

म्हणून असं औषध चालू असताना गरम दिवसांत एक सवय लावून घ्या. काखेत किंवा मानेला हात लावून पाहा. अंग तापलेलं आहे पण घामाचा मागमूस नाही, कातडी लाल आणि कोरडी आहे, तर हा साधा ताप असेल असं समजून थांबू नका. पॅच असेल तर लगेच काढा, माणसाला गार जागी न्या, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि डॉक्टरांना गाठा. पॅच काढल्यावरही कातडीत मुरलेलं औषध काही काळ रक्तात उतरत राहतं, त्यामुळे पुढचे काही तास लक्ष ठेवावं लागतं.

मेंदूत शिरणारी आणि न शिरणारी

सगळी अँटिकोलिनर्जिक औषधं एका माळेचे मणी नाहीत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक गाळणी असते. ॲट्रोपीन, स्कोपोलामाइन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही गाळणी ओलांडून मेंदूत जातात. ग्लायकोपायरोलेटच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते फारसं पलीकडे जात नाही. पोटातल्या कळांसाठी दिलं जाणारं हायोसीन ब्युटाइलब्रोमाइडही याच जातीचं आहे. नाव मिळतंजुळतं म्हणून त्याची आणि पॅचमधल्या हायोसीनची गल्लत होते, पण मेंदूच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वयस्कर माणूस, विशेषतः ज्याची आठवण आधीच कमकुवत झाली आहे, त्याच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो. एरवी शांत असलेले आजोबा अचानक रात्री उठून नसलेल्या माणसांशी बोलू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. गेल्या आठ-दहा दिवसांत कोणतं नवीन औषध सुरू झालं ते आधी बघा.

तीन ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये मज्जासंस्थेच्या आजारामुळे सतत गळणाऱ्या लाळेसाठी ग्लायकोपायरोलेटच्या पातळ औषधाला एफडीएने 2010 मध्ये मान्यता दिली. म्हणजे लाळेसाठी रीतसर तपासलेलं औषध आहे. अर्थात मेंदूत जात नाही म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. पोट, लघवी, घाम आणि हृदय यांच्यावरचा त्याचा परिणाम तसाच राहतो, आणि मुलांमध्ये चिडचिडही दिसते.

पातळ की घट्ट? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी बाकी काही विसरलं तरी हा भाग लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

घशात जे जमतं ते एकच एक नसतं. पाण्यासारखी पातळ लाळ वेगळी, आणि छातीतून वर येणारा, चिकट, तार धरणारा कफ वेगळा. अँटिकोलिनर्जिक औषध पाण्याचा भाग कमी करतं. लाळ पातळ असेल तर ती कमी होते आणि आराम पडतो. पण आधीच घट्ट असलेल्या कफातलं पाणी कमी झालं तर? कणीक सैल असताना हात धुतला तर लगेच निघते, वाळली की बोटांना घट्ट धरून बसते. कफाचंही तसंच. तो आणखी चिवट होतो, आणि दुबळ्या खोकल्याने तो वर येत नाही.

ज्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवली आहे, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी केली आहे, त्यांच्यात अशा वाळलेल्या कफाची गुठळी नळीचं तोंडच बंद करू शकते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये खोकण्याची ताकदच उरलेली नसते. अशा वेळी ‘घशात खूप साठलंय’ एवढंच ऐकून औषधाचा डोस वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

हे ओळखायचं कसं? सक्शन मशीन, म्हणजे घशात साठलेलं नळीने ओढून काढणारं यंत्र, वापरत असाल तर नळीतून काय जातंय ते बघा. सळसळत जाणारं, पारदर्शक, फेसाळ पाणी असेल तर ती लाळ. नळीत अडकत-अडकत जाणारं, पांढरं-पिवळं, दोरीसारखं असेल तर तो कफ. सक्शन नसेल तर टिपलेल्या फडक्याकडे बघा. डाग पसरतोय की वर गोळा होऊन बसलाय? कफ घट्ट असेल तर वाट उलटी आहे: शरीरातलं पाणी पुरेसं ठेवणं, खोलीतली किंवा नळीतली हवा ओलसर ठेवणं, नेब्युलायझरने मिठाच्या पाण्याची वाफ, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले कफ सुटण्याचे उपाय. आणि चालू असलेल्या अँटिकोलिनर्जिकचा डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारणं. दोन्ही एकदम असणंही शक्य आहे. तोंडात पातळ लाळ, छातीत घट्ट कफ. तेव्हा तारेवरची कसरत असते, आणि ती तज्ज्ञांच्या नजरेखालीच करावी.

‘लाळ पूर्णच थांबली तर बरंच की!’

नाही. लाळ हे घरातलं सांडपाणी नव्हे. ती दातांवरचं आम्ल धुऊन काढते, जिभेवरची बुरशी आवरून धरते, घास ओला करून पुढे सरकवते, बोलताना जीभ हलती ठेवते. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात, ओठांच्या कडा फाटतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि घास टाळूला चिकटून बसतो. ज्याला गिळायला आधीच त्रास आहे त्याची गिळण्याची शेवटची सोयही आपण काढून घेतो.

म्हणून ‘कोरडं’ हे ध्येय नसावं. ‘कमी ओलं’ हे असावं. लाळेरं दिवसात दहा वेळा बदलावं लागत होतं, ते तीन-चारवर आलं, हनुवटीवरची कातडी सोलायची थांबली, झोप लागू लागली, तर पुष्कळ झालं. तिथे थांबावं. औषध चालू असेपर्यंत दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं आणि दंतवैद्याकडे नेमाने जाणं ही त्या औषधाचीच दुसरी बाजू समजावी.

कमी डोसपासून, सावकाश

डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, पण त्यामागचं तत्त्व घरच्यांना माहीत असलं पाहिजे. सगळ्यात कमी डोसपासून सुरुवात, मग पाच-सात दिवस थांबून पाहणं, गरज असली तरच एक पायरी वर. मुलांमध्ये डोस वजनावर ठरतो, त्यामुळे शेजारच्या मुलाला चाललेला डोस आपल्या मुलाला चालेलच असं नाही. ग्लायकोपायरोलेट मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड अधू असेल तर ते अंगात साचतं. तोंडाने घ्यायचं ग्लायकोपायरोलेट जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर द्यावं लागतं, कारण तेलकट-तुपकट अन्नाबरोबर ते नीट शोषलं जात नाही. एक दिवस रिकाम्या पोटी आणि एक दिवस भरल्या पोटी दिलं, तर डोस तोच राहूनही परिणाम वरखाली होतो आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असं वाटून डोस वाढवला जातो.

पातळ औषध चमच्याने मोजू नका. सुई नसलेली खुणांची सिरिंज वापरा. नवीन बाटली आणली की एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम, हे आधी वाचा. दोन बाटल्यांवरचं नाव सारखं आणि तीव्रता वेगळी असू शकते.

थेंबांची गोष्ट याहून नाजूक आहे. ॲट्रोपीनचे डोळ्यांत घालायचे थेंब जिभेखाली द्यायला काही डॉक्टर सांगतात. ऐकून धक्का बसतो, पण ही वापरातली पद्धत आहे. फक्त हिशेब डोळ्यांसमोर ठेवा. एक टक्क्याचं द्रावण म्हणजे एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम. मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले तर एका थेंबात अर्धा मिलिग्रॅम. बाटली जोरात दाबली आणि एकाऐवजी चार थेंब गेले, तर 2 मिलिग्रॅम गेलं, आणि हा आकडा लहान नाही. शिवाय बाटलीच्या तोंडागणिक थेंबाचा आकार बदलतो. हलत्या मानेच्या माणसाच्या तोंडात थेट थेंब टाकण्यापेक्षा आधी चमच्यात मोजून घेतलेले बरे. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग घरच्या घरी कधीच करू नये.

पॅचचे नियम थोडक्यात. तीन दिवसांनी बदलायचा, नवा लावण्याआधी जुना काढला का ते बघायचं, स्वतःच्या मनाने कापायचा नाही. लावल्यावर हात साबणाने धुवायचे. तेच बोट डोळ्याला लागलं तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि एकच बाहुली मोठी झालेली बघून मेंदूत काही झालं की काय अशी धावपळ उडते. एमआरआय करायचा असेल तर पॅच काढून ठेवायचा, कारण त्यात धातूचा पापुद्रा असतो आणि चटका बसू शकतो. खूप दिवस वापरलेलं औषध एकदम बंद केलं तर मळमळ, चक्कर, डोकेदुखी होऊ शकते. तातडीचं कारण नसेल तर ते विचारून, टप्प्याटप्प्याने सोडावं.

कुणाला ही औषधं देऊच नयेत?

काचबिंदूचा अरुंद कोनाचा प्रकार असेल तर डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. प्रोस्टेट वाढून लघवी अडखळत असेल, आतड्यात अडथळा असेल, मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा आजार असेल, हृदयाची गती आधीच अनियमित जलद असेल, तर ही औषधं सहसा टाळतात. पोटॅशियमच्या घट्ट गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आतडं मंदावल्यावर अशी गोळी एकाच जागी रेंगाळते आणि तिथे जखम करते.

पोटाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथे फसगत होते. दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही आणि मग पातळ झालं, की घरच्यांना वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात वर खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी पाझरत असतं. पोट फुगलेलं, टणक लागत असेल, उलट्या होत असतील, तर पातळ शौचावर विश्वास ठेवू नका. तसंच आठ-दहा तास लघवीच झाली नाही, डोळा लाल होऊन दुखू लागला, छातीत सतत धडधड आहे, माणूस अचानक बरळू लागला, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांशी बोला. श्वास घुसमटत असेल तर फोनवर वेळ घालवू नका.

आधीच चालू असलेल्या गोळ्यांची बेरीज

बहुतेकांना हे माहीत नसतं की ते आधीच एखादं अँटिकोलिनर्जिक औषध घेत आहेत. सर्दीची जुनी झोप आणणारी गोळी (क्लोरफेनिरामाइन), मळमळीसाठी प्रोमेथाझीन, पोटाच्या कळांसाठी डायसायक्लोमीन, झोप किंवा मज्जातंतूंच्या वेदनांसाठी ॲमिट्रिप्टिलीन, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन. आजार वेगवेगळे, डॉक्टर वेगवेगळे, पण रुमाल सगळे त्याच बाकावर पडतात. डॉक्टर या बेरजेसाठी एक मोजपट्टी वापरतात. प्रत्येक औषधाला एक ते तीन गुण देतात, आणि बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली की काळजी घ्यायची.

वडिलांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. लाळेचं औषध ठीक चाललं होतं. सर्दी झाली म्हणून मी घरात पडलेली गोळी त्यांना दोन रात्री दिली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना लघवी झाली नव्हती आणि ते ओटीपोटावर हात ठेवून गप्प बसले होते. नळी घालावी लागली. दोष ना लाळेच्या औषधाचा होता ना सर्दीच्या. दोन्ही एकत्र माझ्या हातून गेली होती. त्यानंतर सगळ्या गोळ्यांची नावं लिहिलेला एक कागद कायम माझ्या पर्समध्ये राहिला.

आणखी एक विसंगती पुन्हापुन्हा दिसते. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल देतात, ते मेंदूत ॲसिटिलकोलीन वाढवतं. त्याने लाळ किंवा लघवीची घाई वाढते. मग ती थांबवायला अँटिकोलिनर्जिक येतं. एक गोळी दोरी इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि मधे माणूस ओढला जातो. अशा वेळी तिसरी गोळी मागण्याआधी पहिलीचा फेरविचार करा असं डॉक्टरांना जरूर म्हणावं.

‘यांनी स्मृतिभ्रंश होतो म्हणतात, खरं का?’

2015 मध्ये पासष्टीच्या पुढच्या 3,434 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात अशी औषधं घेतली त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं सिद्ध होत नाही. ज्या आजारासाठी गोळी सुरू झाली, तोच कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली पायरी असतो. तरीही वयस्कर माणसाला मेंदूत जाणारं अँटिकोलिनर्जिक बेमुदत चालू ठेवू नये, एवढं शहाणपण यातून नक्की घ्यावं. दर काही महिन्यांनी ‘हे अजून लागतंय का?’ असं विचारायला काहीच पैसे पडत नाहीत.

मग दुसरा मार्ग?

लाळेच्या ग्रंथींमध्येच बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देता येतं. ते ॲसिटिलकोलीन मज्जातंतूतून बाहेरच पडू देत नाही, आणि तेही फक्त त्या ग्रंथीपुरतं. मुख्य चावीला हात न लावता एकच नळ बारीक करणं झालं हे. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. मोठ्यांच्या लाळेसाठी अशा एका औषधाला एफडीएने 2018 मध्ये मान्यता दिली, मुलांसाठी 2020 मध्ये. सुई चुकीच्या जागी गेली किंवा औषध आजूबाजूला पसरलं तर गिळणं आणखी अवघड होऊ शकतं, म्हणून ते सरावाच्या हातानेच द्यावं, शक्यतो सोनोग्राफीत बघून. गोळ्या ज्यांना सोसत नाहीत त्यांनी हा पर्याय विचारायलाच हवा.

शेवटच्या दिवसांतली घरघर

मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाच्या घशातून येणाऱ्या आवाजाला आपल्या भाषेत घरघर लागणं असाच शब्द आहे. गिळण्याची आणि खोकण्याची शक्ती गेलेली असते, घशात साठलेल्या लाळेतून श्वास ये-जा करतो. ऐकणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. आपलं माणूस बुडतंय असं वाटतं, आणि ‘काहीतरी द्या’ म्हणून आपण नर्सच्या मागे लागतो.

इथे खरं काय आहे ते सांगायला हवं. त्या अवस्थेत माणूस बहुधा खोल बेशुद्धीत असतो आणि डॉक्टरांच्या समजुतीप्रमाणे त्या आवाजाचा त्रास त्याला होत नसावा. आवाज सुरू झाल्यावर दिलेलं अँटिकोलिनर्जिक औषध नसलेल्या नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा जास्त उपयोगी पडतं, असा भक्कम पुरावा नाही. आधीच जमलेली लाळ ते शोषून घेऊ शकत नाही, फार तर नवी थांबवतं. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या एका चाचणीत आवाज सुरू होण्याआधीच हायोसीन ब्युटाइलब्रोमाइड दिलं, तेव्हा घरघर 27 टक्क्यांऐवजी 13 टक्के जणांना लागली. म्हणजे द्यायचं ठरलं तर वेळ महत्त्वाची. पण ते न देणंही हयगय नव्हे, आणि घरच्यांनी स्वतःला त्याबद्दल दोष देऊ नये.

त्या वेळी हाताशी असलेला उपाय औषधाचा नसतो. माणसाला अलगद कुशीवर वळवा, पाठीशी उशी द्या, डोकं किंचित खाली कलतं ठेवा म्हणजे साठलेलं गालाच्या बाजूने बाहेर येईल. खाली मऊ फडकं अंथरा. सक्शनची नळी खोल घशात घालू नका, तिने टोचतं आणि आणखी पाणी सुटतं. ओल्या कापसाने ओठ टिपत राहा. कूस बदलल्यावर तो आवाज पुष्कळदा दोन-तीन श्वासांतच उतरतो.